पहिला घास

घाटाचा चढ संपल्यावर माणूस जिथे हमखास थांबतो आणि कमरेवर हात ठेवून मागे वळून पाहतो, अगदी त्या जागी एके काळी एक धर्मशाळा होती. तिथे एक वृद्ध आचारी होता. त्याचे खरे नाव कुणालाच ठाऊक नव्हते. सगळे त्याला आचारीबाबा म्हणत. त्याच्या हाताखाली राघो नावाचा एक तरुण शिकत होता. राघो पठारावरच्या एका लहान गावातून आला होता. हाताला चव यावी आणि पुढे एखाद्या मोठ्या देवस्थानच्या भटारखान्यात आपण मानाने उभे राहावे, अशी त्याची इच्छा होती.

पण आचारीबाबा पदार्थ फार थोडे शिकवत. ते माणसे ओळखायला शिकवत.

"पायऱ्या चढून कोण येतंय ते आधी बघ," ते म्हणत. "पाहुणा पाय धुऊन ओसरीवर येईपर्यंत चुलीवर काय चढवायचं ते ठरलेलं असलं पाहिजे. भुकेल्या माणसाला ताटकळत ठेवू नये."

आणि मग ते आपले ठोकताळे सांगत. कोकणातून चढून आलेल्याला भात लागतो. भाकरी पुढे केली तर बिचारा खाईल, पण त्याला जेवल्यासारखे वाटणार नाही. पठारावरच्या माणसाला भाकरीच हवी. उत्तरेकडून आलेल्याला गव्हाची पोळी, वर सढळ तूप. म्हाताऱ्यांना मऊ, लेकरांना बिनतिखट. राघो हुशार होता. पागोट्याची बांधणी, वहाणांचा आकार, बोलण्यातला हेल, गाठोड्यातून डोकावणारा नारळ, एवढ्यावरून तो पाहुणा ओळखू लागला आणि बहुतेक वेळा त्याचे बरोबरही येऊ लागले.

एक रीत मात्र त्याला कधीच उमगली नाही. बाबा कुणाचेही पान एकदम वाढू देत नसत. आधी घासभर वाढायचे, बाजूला उभे राहायचे, आणि पाहुणा तो घास गिळेपर्यंत त्याच्याकडे पाहत थांबायचे. मग बाकीचे पान.

मिरची-मसाल्याचे एक व्यापारी त्या वाटेने नेहमी जात. ते बाबांची थट्टा करत. "काय आचारीबाबा, आधी चिमणीला आणि मग माणसाला, अशी रीत आहे का इथली? की धान्य महागलं?"

"तुम्ही गिळा तर आधी, शेटजी," बाबा म्हणत. "मग महागाईचं बोलू."

राघोलाही ते थांबणे जिवावर येई. एकदा तो म्हणालासुद्धा, "बाबा, माणूस ओळखला, त्याच्या जोगं जेवण केलं. मग उगीच खांबासारखं उभं राहायचं कशाला?"

"उभा राहून बघ. कळेल."

एकदा थोडेसे कळले होते. उत्तरेकडचे एक धिप्पाड गृहस्थ आले. राघोने गरम पोळीवर तुपाची धार धरली आणि पहिला घास वाढला. गृहस्थांनी तो चावला, पुन्हा चावला आणि डोळे मिटून कसाबसा गिळला. बाबांनी निमूटपणे पान उचलले आणि जिरे घातलेले ताक आणून दिले. गृहस्थ ते गटागट प्यायले आणि बाबांना तोंड भरून आशीर्वाद देऊन आडवे झाले.

"बैलगाडीतून घाट चढलाय तो," बाबा राघोला म्हणाले. "पोट ढवळलंय त्याचं. आता ध्यानात ठेव, उत्तरेकडच्याला तूप खरं, पण गाडीतून आलेला असला तर आधी ताक."

बाबांचे ठोकताळे असे सारखे दुरुस्त होत असत. कधी एखादा मोडीतही निघे. त्याचे बाबांना काही वाटत नसे.

घाटाखाली एक बंदर होते. त्या बंदरावर काही घरे अशा लोकांची होती, ज्यांचे पूर्वज फार पूर्वी समुद्रापलीकडून आले होते. वर्णाने ते अतिशय काळे, केस दाट आणि कुरळे. त्यांच्या कितीतरी पिढ्या इथेच जन्मल्या आणि इथल्याच मातीत गेल्या, तरी लोक अजून त्यांना जहाजवाले म्हणत. ते धर्मशाळेत क्वचितच येत. राघोने त्यांच्यापैकी कुणाला कधी वाढले नव्हते. तरीही त्यांच्याविषयी त्याला पुष्कळ माहिती होती. ती सगळ्यांनाच असते.

"त्यांच्या जिभेला चवच नसते रे," शेटजींनी एकदा सुपारी कातरता कातरता सांगितले होते. "शिळं म्हणू नको, विटलेलं म्हणू नको, सगळं चालतं. तिखटाचा गोळा गिळतात आणि डोळ्यांत टिपूस येत नाही. पोट नव्हे, दगडी उखळ!"

राघो तेव्हा मनापासून हसला होता. त्या हसण्यात काही वावगे आहे, असे त्याला वाटलेही नव्हते.

एका दुपारी शेटजी आपल्या माणसांसह ओसरीवर टेकले होते. चुलीवर त्यांच्यासाठी पिठले रटरटत होते. बाबा मागच्या परड्यात भाजी खुडायला गेले होते. तेवढ्यात पायऱ्या चढून एक जहाजवाला वर आला. धोतराची झोळी करून त्याने आपल्या म्हाताऱ्या आईला पाठीवर घेतले होते. ती इतकी वाळली होती की झोळीत माणूस आहे हे जवळ गेल्यावरच कळावे.

"भाऊ, मी मुबारक," तो धापा टाकत म्हणाला. "ही माझी अम्मा. हिचा ताप उतरलाय. हकीम म्हणाले, औषधाचं काम संपलं, आता पोटात अन्न गेलं तर जगेल. पण ही तोंडच उघडत नाही. पुढे पठारावर माझ्या बहिणीचं घर आहे, तिथवर न्यायचंय. अशी रिकाम्या पोटी नाही पोहोचायची ती. काहीतरी द्या, भाऊ."

"बसा तिकडे झाडाखाली," राघो म्हणाला. या लोकांना उघड्यावरच बरे वाटत असणार, अशी त्याने मनाशी समजूत घातली.

आत जाऊन त्याने सकाळची उरलेली भाकरी घेतली आणि तिच्यावर हिरव्या मिरचीच्या ठेच्याचा चांगला मोठा गोळा ठेवला. पान भरगच्च करून त्याने ते झाडाखाली नेऊन ठेवले. घासभर वाढायचे, थांबायचे, हे त्या वेळी त्याच्या मनातही आले नाही. तो लगेच पाठ फिरवून पिठल्याकडे परत आला.

ओटीत भाजी घेऊन बाबा आत आले. "बाहेर कोण आहे रे?"

"जहाजवाले आहेत. मायलेक. वाढलंय त्यांना."

"म्हातारीनं घास घेतला?"

"वाढलंय की, बाबा."

"मी ते नाही विचारलं."

बाबा बाहेर गेले. राघोही दोरीने ओढल्यासारखा मागोमाग गेला. झाडाखाली मुबारक भाकरीचा तुकडा पाण्यात भिजवून आईच्या ओठांपाशी धरत होता. "एक घास, अम्मा. एकच. माझ्यासाठी." म्हातारीने तोंड बुंध्याकडे फिरवले होते. ठेच्याच्या वासाने तिला ठसका लागला होता आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या.

बाबा खाली वाकले. त्यांनी ते भरलेले पान उचलून राघोच्या हातात दिले आणि मुबारकला म्हणाले, "आत चल. चुलीपाशी बसवू हिला."

मग त्यांनी जे केले, ते पाहून सगळेच चकित झाले. त्यांनी शेटजींचे पिठले अर्धवट शिजलेले असतानाच चुलीवरून उतरवले. आपला स्वतःचा पाट चुलीजवळ मांडला, म्हातारीला त्यावर बसवून भिंतीला टेकवले आणि आपली धाबळी तिच्या खांद्यांवर घातली.

शेटजी दारापाशी आले. "अहो आचारीबाबा! आमचं पिठलं उतरवलंत? इथे भुकेनं जीव चाललाय."

"तुमचा जीव कुठेही जात नाही, शेटजी. तो नुसता ओरडतोय."

"आणि चुलीपाशी? त्यांना?"

"ऊब तिथेच आहे," बाबा म्हणाले आणि त्यांनी तांदळाची पेज चढवली.

पेज मऊ झाली. बाबांनी तिच्यात कणभर मीठ आणि थेंबभर तूप घातले, पळीभर वाटीत घेतली, निववली आणि म्हातारीच्या ओठांना लावली. तिने ओठ ओले केले. मग मान वळवली.

राघोच्या मनात तेव्हा जे आले, ते त्याने पुढे कधी कुणाला सांगितले नाही. त्याला हायसे वाटले होते. बाबांच्या हातूनही ती खात नाही, म्हणजे आपला काही दोष नाही, असे त्याला वाटले.

बाबांचा चेहरा मात्र पडला नाही. "भात नको म्हणते," ते मुबारकला म्हणाले. "चला, एवढं तर कळलं."

"घरीही पेजच देत होतो, बाबा," मुबारक रडकुंडीला आला होता. "आमच्याकडे भातच असतो. दुसरं काय देणार?"

बाबा म्हातारीसमोर जमिनीवर मांडी घालून बसले. "माय, माझा अंदाज चुकला. आता तूच सांग."

तिच्या तोंडून शब्द निघेना. तेव्हा बाबांनी एकेक मडके पुढे ओढून तिच्यासमोर उघडले. नाचणी, मूग, गूळ, सुके खोबरे. ती नुसती पाहायची आणि डोळे मिटायची. बाबा झाकण लावायचे आणि दुसरे उघडायचे. ओसरीवर शेटजींची माणसे कुजबुजत होती. बाबांना जणू घाईच नव्हती.

ज्वारीचे मडके उघडले तेव्हा धाबळीतून तिचा हात बाहेर आला. तिने मूठभर दाणे घेतले आणि ते बोटांमधून सांडू दिले.

"कण्या," ती पुटपुटली. "ताकातल्या कण्या."

राघो दचकला. ती बोली बंदरावरची नव्हती. 'कण्या' म्हणतानाचा तो लांबवलेला हेल पठारावरचा होता, त्याच्या मावशीच्या अंगणातला होता.

"कण्या?" मुबारक थक्क झाला. "अम्मा, तू कण्या खातेस?"

बाबा उठले. "राघो, हे तुझ्या गावाकडचं अन्न. तूच कर."

राघोने जात्यावर ज्वारी भरडली. फार बारीक होऊ नये म्हणून तो जाते जपून, हलक्या हाताने फिरवत होता. कण्या शिजत असताना तो चुलीपासून हलला नाही. धूर डोळ्यांत जात होता. ही बाई जेवली नाही तर संध्याकाळी हा मुलगा तिला पुन्हा पाठीवर घेईल, आणि मग वाटेत कुठेतरी त्याला कळेल की झोळी थंड पडली आहे. हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आले, ते काही केल्या जाईना.

कण्या निवल्यावर त्याने त्यांत ताक आणि मीठ कालवले. वाटीत त्याने घासभरच घेतले. ते कुणी सांगितले म्हणून नव्हे. तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि पाहू लागला.

त्याने तिला तेव्हा प्रथमच पाहिले. कपाळाशी पांढरे झालेले कुरळे केस. तापाने फुटलेले ओठ. नाकात चमकीचे रिकामे भोक. तिने घासासाठी तोंड उघडले, तेव्हा लेकराला भरवणाऱ्या आईचे उघडते तसे राघोचेही तोंड नकळत उघडले.

तिने घास तोंडात घोळवला. गळ्याची शीर हलली. घास खाली उतरला.

आणि मग तिच्या कपाळावर आठी पडली.

"ताक लई आंबट झालंय," ती म्हणाली. "दूध घाल की वाईच."

राघोने बाबांकडे पाहिले, बाबांनी दुधाच्या रिकाम्या भांड्याकडे पाहिले. तेवढ्यात बाहेर शेटजी खाकरले.

"अरे, गाडीतली ती दुधाची चरवी आण," ते आपल्या माणसाला म्हणाले. त्यांनी स्वतःच्या हाताने ती चरवी उंबऱ्याच्या आत सरकवली आणि कुणाकडेही न पाहता आपल्या जागेवर जाऊन बसले.

दूध घातल्यावर म्हातारी जेवली. फार नाही, वाटीभरही नाही. पण घास मागून घेत जेवली. मध्येच मुबारककडे पाहून म्हणाली, "माझा बाप पागेत घोडी सांभाळायचा. वर, पठारावर. तिथं रोज सकाळी कण्याच."

"मला कधी बोलली नाहीस, अम्मा!"

"तू कधी पुसलंस? तुझ्या बापाला भात लागायचा, तुला भात लागायचा. रांधला भात, खाल्ला भात."

मुबारक एकदम हसला आणि हसता हसता त्याने तोंडावर उपरणे धरले. म्हातारी तिथेच चुलीच्या उबेला झोपी गेली.

पिठले पुन्हा चढले. शेटजींची पंगत उठली. ऊन कलल्यावर राघो मागल्या दारी राखेने भांडी घासत बसला. एकच पातेले तो किती वेळ घासत होता. बाबा शेजारी येऊन बसले, तेव्हा तो म्हणाला, "बाबा, एक विचारू? रागावणार नसाल तर."

"विचार."

"मी चुकलो ते मला कळतंय. पण तुमचाही अंदाज चुकलाच की. मी म्हटलं, या लोकांना काहीही चालतं. तुम्ही म्हटलंत, बंदरावरची माणसं, यांना भात लागेल. दोघांनीही तिला न विचारताच ठरवलं. मग तुमचा तो ठोकताळा आणि माझा तो अपराध, असं कसं?"

बाबांना तो प्रश्न आवडला. त्यांनी हात धोतराला पुसले.

"बंदरावरच्यांना भात लागतो, हे मला कुणी शिकवलं असेल?"

राघोने थोडा विचार केला. "त्यांनीच. इथे जेवून."

"आणि जहाजवाल्यांच्या जिभेला चव नसते, हे तुला कुणी शिकवलं?"

"शेटजींनी."

"शेटजींनी आजवर त्यांच्यातल्या कुणाला जेवू घातलंय?"

"कुणालाच नाही."

"अंदाज केल्यावाचून आपलं भागायचं नाही, बाळ," बाबा म्हणाले. "चूल पेटवायची तर काहीतरी धरून चालावंच लागतं. पण माझा अंदाज मी घासभरच वाढतो आणि थांबतो. तिनं मान फिरवली, मी भात उचलला. एवढे दिवस तूही तसाच थांबत होतास; कंटाळत होतास, पण थांबत होतास. आज मात्र तू भरलेलं पान ठेवलंस आणि पाठ फिरवलीस. तिच्या डोळ्यांतलं पाणी तू माझ्या मागोमाग बाहेर आलास म्हणून तुला दिसलं. नाहीतर तू उद्या कुणालाही सांगितलं असतंस, मी त्या लोकांना वाढलंय, त्यांना ठेचा चालतो."

राघोच्या हातातले पातेले थांबले.

"आणि हेही बघ. भात लागेल हे मी धरलं, ते तिला ताटकळावं लागू नये म्हणून. तुझ्या समजुतीनं कुणाची सोय झाली? शिळी भाकर खपली, ओसरीवर जागा करावी लागली नाही. दुसऱ्याविषयीच्या ज्या समजुतीनं आपलेच कष्ट वाचतात, तिच्याकडे जरा संशयानं पाहावं."

राघो राखेत बोट फिरवत राहिला. मग हळूच म्हणाला, "समजा, बाबा, तिला खरंच ठेचा-भाकर आवडली असती तर?"

"तरी तू चुकलाच असतास," बाबा म्हणाले. "नुसतं तुला ते कळलं नसतं."

ते उठून परड्यात गेले. राघोने पातेले धुतले, पालथे घातले आणि तो आत आला.

म्हातारी जागी झाली होती. चुलीच्या निखाऱ्यांकडे पाहत होती. त्याची चाहूल लागताच म्हणाली, "पोरा, उरल्यात का रं कण्या?"

राघोने घाईघाईने वाटी भरली आणि तिच्या हातात दिली. या वेळी ती तिने स्वतःच्या हाताने धरली. दोन घास खाऊन तिने त्याला विचारले, "कुठला तू?"

"पठारावरचा. नदीच्या खोऱ्यातला."

"खोऱ्यातला व्हय!" तिच्या डोळ्यांत मिस्कील हसू आले. "मग तिखट हाणणारा असशील. खोऱ्यातले पाव्हणे आले की आमची आई मिरच्यांची टोपली लपवून ठेवायची. सगळी संपवून जातील म्हणून."

"नाही हो अम्मा," राघो ओशाळून म्हणाला. "मला तिखट मुळीच सोसत नाही. ठेचा वाटताना मी नाकाला फडकं बांधतो."

म्हातारीने वाटी खाली ठेवली आणि त्याच्याकडे नीट निरखून पाहिले. मग ती हसू लागली. हसता हसता तिला खोकला आला, तरी ती हसतच राहिली. तिचा अंदाज साफ चुकला होता आणि त्याची तिला गंमत वाटत होती. राघोलाही हसू आले. दुसऱ्याविषयी आपण चुकीचे धरून चाललो, तरी ते असे सहज सोडूनही देता येते, हे तो प्रथमच पाहत होता.

"असं व्हय!" ती डोळे पुसत म्हणाली. "मग तुला काय आवडतं रं?"

घर सोडल्यापासून हे त्याला कुणी विचारले नव्हते. राघोने पाट ओढला, तिच्याजवळ बसला आणि सांगू लागला.